जोसेफचा खोकला

मी दुबईला निघालो त्या दिवशी वडील गिरणी बंद ठेवतील असं मला वाटलं होतं. त्यांनी ठेवली नाही. तासगावच्या एसटी स्टँडवर ते आले ते पिठासकटच आले. भुवया पांढऱ्या, कानांच्या पाळ्या पांढऱ्या, आणि नेहमीसारखे खोकत. जन्मभर पिठात उभा राहिलेला माणूस खोकणारच. आमच्या गल्लीत त्या खोकल्याला फक्त आम्ही पोरं घाबरायचो, कारण तो ऐकू आला की पत्ते लपवायला जेमतेम वेळ मिळायचा. बाकी कुणी मान वळवूनसुद्धा बघत नसे. आण्णा आले, एवढाच त्याचा अर्थ.

त्यांनी माझी बॅग एका हातानं उचलून पाहिली. "ह्यात काय दगड भरलेत का रे?"

दगड नव्हते, कादंबरी होती. इंग्रजी, जाडजूड, एकोणिसाव्या शतकातली. मी इंग्रजीत एम.ए. आणि इस्लामपूरकडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. म्हणजे वर्षातले काही महिने प्राध्यापक आणि उरलेले महिने गिरणीवर. माझा खास विषय एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीतलं शहरी दारिद्र्य. ओलसर तळघरं, उवा, थकलेलं भाडं, धूर. त्यावर मी न थांबता बोलू शकत असे. मुलं शेवटी वही मिटून विचारायची, "सर, परीक्षेला येतं का हे?" या कादंबरीचं नाव मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही जाऊन तिचा शेवट वाचाल, आणि आमच्या खोलीतला तिचा शेवट वेगळा आहे.

आईनं पदराखालून चांदीचा ताईत काढला. चौकोनी, बोटाच्या पेराएवढा. गाडी लागलेली असताना, चार लोकांसमोर, माझ्या शर्टाची वरची बटणं काढून तिनं तो बनियनला आतून पिनेनं टोचला. "अंघोळीला काढ. पण लगेच लाव."

"आई, असल्यानं काही होत नसतं."

"होत नसेल तर मग राहू दे की."

मी बटणं लावली आणि खिशातला पासपोर्ट पुन्हा एकदा चाचपला. वडिलांनी माझ्या हातात दशम्यांचं पुडकं दिलं आणि म्हणाले, "घाबरायचं तर घाबर. पण जेवून घाबर."

तुम्ही जे मागं राहिलात, त्यांना वाटतं आम्ही इथं उंच इमारतीत राहतो. आणि तुम्ही जे माझ्यासारखे आलात, ते हे वाचताना गालात हसत असाल. माझी पहिली उंच इमारत बर दुबईत होती, मीना बाजारच्या मागं, आणि त्यात मी पलंगाच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. तिथल्या भाषेत बेडस्पेस. एका हॉलचे प्लायवूड ठोकून केलेले तुकडे, प्रत्येक तुकड्यात एकावर एक पलंग, दाराऐवजी पडदा. पहिल्या दिवशी तो पडदा बाजूला केला आणि मला माझी कादंबरीच आठवली. तिच्यात एका तळघरात चार कुटुंबं राहतात आणि जमिनीवर खडूनं रेघा मारून आपापला कोपरा वाटून घेतात. 'दाटीवाटीच्या वस्तीचे चित्रण' अशी दहा मार्कांची टीप मी पोरांना लिहून दिली होती. आता तिच्यातच राहायला आलो.

माझ्या खालच्या पलंगावर बबनभाऊ. खेड तालुक्यातले, माझ्यापेक्षा बरेच मोठे, माझ्याच कंपनीत एसीचे डक्ट बसवायचे. थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून त्या डक्टना काचेच्या कापसासारखं काहीतरी गुंडाळतात. त्याची बारीक कुसळं बबनभाऊंच्या दंडांवर कायम चमकायची. मी त्याच कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे फायली लावणारा. समोरच्या पलंगावर समीर, दापोलीचा, मीना बाजारात साड्यांच्या दुकानात सेल्समन. कॉलेजात शिकवायचो हे कळल्यापासून दोघं मला मास्तर म्हणू लागले. गिरणी, आण्णांचा खोकला आणि स्टँडवरचं त्यांचं वाक्यही मी त्यांना सांगून टाकलं होतं.

त्या घरात सगळ्यात भीतिदायक वस्तू कुठली, तर बेल. असं प्लायवूड ठोकणं बेकायदा. बेल वाजली की आधी सगळे गप्प, मग एकमेकांकडे बघणार, मग समीर पाय न वाजवता दाराच्या भिंगाला डोळा लावणार. बहुतेक वेळा नातूर असायचा, म्हणजे इमारतीचा राखणदार, कचऱ्याच्या पिशवीवरून शिव्या द्यायला आलेला. त्याच्या शिव्या ऐकून आमच्या जिवात जीव यायचा. एकदा मी बेल ऐकून घाईघाईनं बाथरूममध्ये लपलो आणि कडी आतून अडकली. बेल मीच मागवलेल्या बिर्याणीची होती. ती दोघांनी खाल्ली, बाहेरून मला वर्णन करत.

तेव्हा सुट्टी शुक्रवारी असायची. एका शुक्रवारी जेवणानंतर समीर म्हणाला, "मास्तर, ये इतना मोटा किताब उशाला घेतोस, त्यात आहे तरी काय?"

मी सांगायला लागलो. जोसेफ नावाचा एक माणूस खेड्यातून शहरात येतो, नदीकाठी जहाजांतून कोळशाच्या गोणी वाहतो, बायकोपोरांसह त्या तळघरात राहतो. दर शनिवारी मालकाचा माणूस भाड्याला येतो आणि तो आला की चारही कोपरे श्वास रोखून बसतात.

"आपल्यासारखंच की," बबनभाऊ म्हणाले. "फक्त खडू होता बिचाऱ्यांकडं. आपल्याकडं प्लायवूड हाय."

"प्रगती आहे, भाऊ," समीर म्हणाला. जोसेफला तो पहिल्या दिवसापासून युसूफ म्हणायचा.

मग दर शुक्रवारचा तो रिवाजच झाला. भांडी घासून झाली की समीर उशी पाठीशी घ्यायचा, "यल्ला मास्तर, शुरू!" अशा कादंबऱ्या त्या काळी मासिकांतून हप्त्याहप्त्यानंच यायच्या, लोक पुढच्या अंकाची वाट बघायचे, हे मी वर्गात शिकवलं होतं. पण वाट बघणं म्हणजे काय ते मला बबनभाऊंनी दाखवलं. ते साइटवरून मधल्या सुट्टीत फोन करायचे. "मास्तर, मालकाच्या माणसाला दार उघडलान काय जोसेफच्या बायकोनं?"

मला चढली. कॉलेजात कुणी ऐकत नव्हतं आणि इथं दोन माणसं श्वास रोखून बसलेली. मी आवाज बदलू लागलो, हातवारे करू लागलो. त्या भरात एका शुक्रवारी मी जोसेफच्या खोकल्याच्या प्रकरणापर्यंत पोचलो आणि तो खोकला नुसता सांगितला नाही, खोकून दाखवला. कोळशाची गोणी उतरवून, भिंतीला टेकून, छातीच्या तळातून. आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवातसुद्धा मी इतका चांगला अभिनय केला नव्हता.

माझा खोकला थांबला. आणि खालच्या पलंगावरून तसाच, अगदी हुबेहूब, खरा खोकला आला.

बबनभाऊ तोंडावर टॉवेल धरून बसले होते. महिनाभर खोकतच होते म्हणा. आम्ही लक्ष दिलं नव्हतं. आता तिघांनीही दिलं.

"मास्तर," ते म्हणाले, "पुढं काय होतं त्याचं?"

पुढं काय होतं ते मला माहीत होतं. त्या काळच्या कादंबरीत खोकला कधी नुसता खोकला नसतो. एकदा सुरू झाला की माणूस फार प्रकरणं काढत नाही.

"बघू पुढच्या शुक्रवारी," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात पीआरओनं, म्हणजे कंपनीत व्हिसाची कामं बघणाऱ्या माणसानं, निरोप दिला: बबनभाऊंचा आणि माझा व्हिसा संपतोय, मेडिकलला चला. इथं आलेल्यांना सांगायला नको. व्हिसा वाढवायचा तर रक्त द्यायचं आणि छातीचा एक्स-रे काढायचा. छातीत काही दिसलं तर काय होतं, हे नीट कुणालाच ठाऊक नसतं. प्रत्येकाकडे एक ऐकलेला माणूस असतो. समीरच्या दुकानातल्या कुणाच्या तरी चुलतभावाला परस्पर विमानात बसवलं होतं. कुणाला म्हणे औषध देऊन ठेवून घेतलं. बबनभाऊंची मुलगी चिपळूणला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. बाप इथं राहिला तर ती शिकणार, नाहीतर मामानं आणलेलं स्थळ तयारच होतं. एवढा सगळा हिशोब त्या एका काळ्या फिल्मवर.

ते उशीत तोंड खुपसून खोकू लागले, प्लायवूडपलीकडच्या माणसांनी ऐकू नये म्हणून. अडुळसा, मध, हळद. समीरनं एक बाटली आणली, तीस दिरहॅमची, "म्हणजे तीनशेच्या वर रुपये, भाऊ, थेंबसुद्धा सांडू नका." आणि मी काय केलं? मी कादंबरी ताणली. जोसेफला मारायचं धाडस होईना. मी मधेच त्याच्या मेव्हणीचं लग्न घातलं. नदीला पूर आणला. मालकाच्या माणसाचा पाय मोडला. मूळ लेखकानं मला कोर्टात खेचलं असतं.

"मास्तर, टीव्ही सीरियल करून टाकलीस," समीर कुरकुरला. जोसेफ आज गेला नाही, एवढं कळलं की बबनभाऊ मात्र निवांत आडवे व्हायचे.

मेडिकलच्या सकाळी व्हॅनमध्ये त्यांचा चेहरा खडूसारखा झाला होता. मी त्यांना व्याख्यान दिलं. भाऊ, ती दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा औषधं नव्हती. साहित्य वेगळं, आयुष्य वेगळं. माझं बोलणं मलाच इतकं पटलं की रांगेत उभं राहून मी बाकीच्या अनोळखी लोकांनाही धीर देऊ लागलो. आतल्या माणसानं मला विचारलं, "मेटल? घडी, चेन, बेल्ट?" मी सगळं ट्रेमध्ये काढून ठेवलं, शर्ट काढला, थंडगार पाटीला छाती लावली. "साँस रोको." रोखला. हबीबी, खलास, नेक्स्ट.

निकाल मोबाइलवर आले. बबनभाऊ: फिट. मला मेसेज: एक्स-रे पुन्हा काढण्यासाठी केंद्रावर यावे.

मी तो इतक्या वेळा वाचला की अक्षरं ओळखीची वाटेनात. पीआरओला फोन केला, तर तो म्हणाला, "इन्शाल्ला कुछ नहीं होगा." त्या 'इन्शाल्ला'नंतर मी परतीच्या विमानाचे दर बघितले. मधे सुट्टी आली, केंद्र बंद. आणि मला खोकला सुरू झाला.

हसू नका. खराच सुरू झाला. छातीत डाव्या बाजूला दुखायलाही लागलं. मी पलंगावर पडून तासगावच्या स्टँडवर उतरत होतो. आण्णा गिरणीच्या दारात उभे, गिऱ्हाईकं डबे घेऊन उभी, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. खोकत खोकत परत आलेला मास्तर. नोकरी नाही, लग्न ठरतंय ते मोडणार. माझा पाण्याचा ग्लास मी स्वतःच वेगळा ठेवला. माझ्या खुंटीशेजारी समीरचा टॉवेल असायचा. दुपारी तो उठला आणि त्यानं तो टॉवेल काढून पलीकडच्या खिळ्याला लावला. मी भिंतीकडे तोंड केलं. त्याचा राग नाही आला. त्याच्याही घरी दोन लहान पोरं होती, आणि माझ्या जागी तो असता तर मी माझा टॉवेल जिन्यात लावला असता.

शुक्रवार होता. भांडी घासून झाली. कुणी "यल्ला" म्हटलं नाही.

मग खालून बबनभाऊंचा आवाज आला. "तर जोसेफ."

मी वरून वाकून पाहिलं. त्यांनी माझी कादंबरी मांडीवर घेतली होती, उलटी. इंग्रजी अक्षर त्यांना येत नव्हतं, पण पान त्यांनी रीतसर उलटलं.

"तर जोसेफ डाक्टरकडं गेला. डाक्टर बोलला, अरे येड्या, कोळसा वाहणारा माणूस खोकणार न्हाय तर काय गाणार? ही घे बाटली, आणि कोळसा सोड. मग जोसेफ बायकोपोरं घेऊन आपल्या गावाला गेला आणि त्यानं पिठाची गिरणी टाकली."

"युसूफकडे गिरणीला पैसे कुठून आले?" समीरनं पलीकडून विचारलं.

"मास्तरच्या बापानं दिली."

"मग खोकला गेला त्याचा?"

"छे. तिथं पिठानं खोकतो. पण तो खोकला चालतो. त्याला कोण इचारत न्हाय." बबनभाऊंनी पुस्तक मिटलं, ताटात भात वाढला, आणि ताट माझ्या पलंगावर ठेवलं. मग मी वेगळा ठेवलेला माझा ग्लास उचलला, त्यातलं अर्धं पाणी प्यायले आणि उरलेलं माझ्यापुढे धरलं. "तुझा बाप काय बोल्ला होता, निघताना? जेव आधी. मग घाबरू सगळे मिळून."

मी जेवलो. रडत जेवणं अवघड असतं, पण भातात ते खपून जातं.

पुढच्या सकाळी बबनभाऊ सुट्टी टाकून माझ्याबरोबर आले. केंद्रात एक मल्याळी सिस्टर होती. तिनं माझं नाव टाइप केलं, पडद्याकडे पाहिलं, आणि पडदा माझ्याकडे वळवला. "ब्रदर, ये क्या है?"

माझ्या बरगड्या होत्या. आणि डाव्या फुफ्फुसाच्या बरोबर मधे एक पांढराशुभ्र, रेखीव चौकोन, त्याला लागून एक पिन. टोकसुद्धा स्पष्ट दिसत होतं.

पहिल्या खेपेला, इथं आलो तेव्हा, सगळे कपडे काढून गाऊन घालायला लावला होता. ताईत बनियनबरोबर आपोआप बाजूला झाला होता. या खेपेला मी घड्याळ काढलं, पट्टा काढला, किल्ल्या काढल्या, आणि बनियन तसंच ठेवलं. असल्यानं काही होत नसतं म्हणणारा मी, रोज सकाळी धुतलेल्या बनियनला तो ताईत न चुकता टोचत होतो. इतक्या सवयीनं, की तो अंगावर आहे हेच मला ठाऊक नव्हतं. छातीत डाव्या बाजूला दुखत होतं, ते पिन टोचत होती म्हणून.

बबनभाऊ तिथल्या बाकावर बसले आणि इतके हसले, इतके हसले, की हसता हसता खोकायला लागले. रांगेतली चार माणसं दचकून लांब सरकली. "काय नाय, काय नाय," भाऊ हात हलवत म्हणाले, "मी फिट हाय."

संध्याकाळी घरी आलो तेव्हा समीरचा टॉवेल माझ्या खुंटीशेजारी परत आला होता.

आता मी अबू धाबीत अल रीम आयलंडवर राहतो. तुम्हाला वाटतं तशा उंच इमारतीत, खरीखुरी, पडद्याऐवजी दारं असलेली. कामासाठी रुवैसच्या रिफायनरीकडे जातो-येतो. बबनभाऊ खेडला परतले. गिरणी नाही टाकली, कोंबड्या पाळल्यात. मुलगी फार्मासिस्ट आहे. माझी मुलगी अकरावीत आहे आणि तिला अभ्यासाला तसलीच एक कादंबरी लागलीय. परवा जेवताना म्हणाली, "बाबा, व्हाय डझ एव्हरीवन हू कॉफ्स डाय?"

"नॉट एव्हरीवन," मी म्हणालो, आणि तिला जोसेफच्या गिरणीची गोष्ट सांगितली.

"दॅट्स सो अनरिअलिस्टिक," ती म्हणाली.

भीती काही गेलेली नाही, तिनं फक्त चांगले कपडे घातलेत. ऑफिसात माणसं कमी करायची कुजबुज चालू आहे. व्हिसाचं वर्ष आलं की लिफ्टमधले सूटबूटवाले आम्ही सगळे घसा खाकरायचाही टाळतो. मेडिकलच्या सकाळी बायको मला दारात अडवून माझ्या छातीवरून हात फिरवते, ताईत काढलाय ना बघायला. संध्याकाळी तीच तो परत लावते.

पण आत्ता हे लिहायला बसलो ते वेगळ्या कारणानं. आण्णा फोन उचलताना आधी खोकतात, मग हॅलो म्हणतात. इतकी वर्षं मला त्या खोकल्याचीच वाट असायची. तो ऐकू आला की गिरणीचा पट्टा, दळणाचे डबे, गल्ली, सगळं जागच्या जागी असायचं. अलीकडे खोकला लांबतोय. आई म्हणते, "पीठ गेलं असेल नाकात." गिरणी विकून दोन वर्षं झाली, आई. कुठलं पीठ?

उद्या सकाळी सांगलीला त्यांचा एक्स-रे आहे. चुलतभाऊ फोटो पाठवणार आहे. मी बबनभाऊंना फोन केला, तर ते म्हणाले, "मास्तर, ते पुस्तक उघडू नको हां आता." मी उघडलेलं नाही. कपाटात वर ठेवलंय. पण त्यातलं ते प्रकरण मला पाठ आहे, हीच पंचाईत आहे.

घर कुठं, असं मला इथं कुणी विचारलं की मी कधी रीम सांगतो, कधी तासगाव. खरं म्हणजे गेले काही आठवडे मी त्या खोकल्याच्या आणि 'हॅलो'च्या मधल्या जागेत राहतोय. तिथं खडूची रेघही मारलेली नाही, आणि तिथून कुणी मला काढूही शकत नाही.

आत्ताच फोन लावला होता. खोकला आला. थांबेना. मी खिडकीशी उभा, हात बनियनवर. मग एकदाचं, "हॅलो."

"आण्णा, उद्या एक्स-रेला अंगावरचं सगळं नीट काढून ठेवा. दोरा, ताईत, सगळं."

"माझ्याकडं कुठला ताईत? एकच होता, तो तुला दिला." ते पुन्हा एकदा खोकले. "घाबरलास व्हय?"

"हो."

"जेवलास?"

"नाही अजून."

"मग आधी जेव. घाबरायला सगळी संध्याकाळ पडलीय."

मी ताट वाढून घेतलं.